क्लचवरचा पाय

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे. कमळाकर मामाने ती मला एकदाच सांगितली, तीही मामी घरात नसताना. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही. पण माझ्या पदरचं यात एक वाक्यही नाही.

साल १९८४. ऑक्टोबर महिना. ठिकाण, बेलापूर खाडीकाठचं दिवाळे गाव आणि तिथून जवळच उरण फाट्यावरचं एक गॅरेज. वेळ दुपारी चारची. लख्ख ऊन होतं.

कमळाकर मूळचा उरणजवळच्या मोरा बंदराचा. दिवाळ्याच्या नंदिनीशी त्याने पाट लावला होता. तिचा पहिला नवरा सिताराम तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती त्याची डिझेल पिकअप. मासळी आणि बर्फ भरून ती रोज पनवेलच्या बाजाराला जायची. लग्नानंतर कमळाकर ती चालवू लागला. बाजाराला जाताना नंदिनी पुढे बसायची.

आणि गाडी हिसके देऊ लागली.

फक्त पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. गावातल्या बोळातून हळू चालली की थोडी पुढे... गचका. पुन्हा थोडी पुढे... गचका. हायवेला लागून वेग आला की एकदम गुळगुळीत.

मागे टोपल्या धरून बसलेली, बाजाराला येणारी कोळीण चांगुणाबाई रोज ऐकवायची.

"आमचा सिताराम चालवायचा तवा टोपलीतला बांगडा पन हलत नव्हता."

कमळाकर ते हसण्यावारी न्यायचा. पण ते त्याला आत कुठेतरी लागायचं. जिवंत माणसाशी भांडता येतं. मेलेल्याशी काय भांडणार?

घरात सितारामचा फोटो होता. त्याच्याविषयी कमळाकरची तक्रार नव्हती. तक्रार गाडीची होती. गाडीत बसली की नंदिनीचा चेहरा बदलायचा. घरात कधी दिसत नसे असा मऊ व्हायचा.

गॅरेजवाला धर्मराज मूळचा परभणीकडचा. डिझेल इंजिनात त्याचा हात धरणारा फाट्यावर कोणी नव्हता. त्याने आधी डिझेलच्या पाइपातली हवा काढली. मग फिल्टर बदलला. मग इंजिनाखालचे रबर बदलले. शेवटी गिअरबॉक्स उतरवून नवी क्लच प्लेट टाकली. स्वतः शेजारी बसून कमळाकरला फाट्यापर्यंत गाडी चालवायला लावली.

गाडी लोण्यासारखी चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी गाडीत बसली...

गचका.

कमळाकरने मनाशी हिशोब लावला. एकटा असला की गाडी नीट. चांगुणाबाई पुढे बसली तरी नीट. फक्त नंदिनी बसली की हिसके.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. पुढची सीट लांब, तिघांची. नंदिनी नेहमी डावीकडे, दाराला चिकटून बसायची. दोघांच्या मधली जागा रिकामी.

"इकडे सरक की," तो एकदा म्हणाला.

"नको. इथे वारा लागतो."

काच बंद होती.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. बायको आपल्याला टाळते, एवढंच त्याला कळलं. आणि ज्याच्यासाठी टाळते तो माणूस जगात नव्हता.

दोन दिवसांनी, दुपारी, तो नंदिनीला घेऊनच गॅरेजवर गेला. धर्मराजने सगळं ऐकून घेतलं. मग मागची चाकं उचलून गाडी ठोकळ्यांवर घेतली.

"आता चाकं हवेत फिरतील. पहिला गिअर टाका अन् पाय काढून घ्या. मी खालून बघतो. वहिनी, तुम्ही रोजच्या जागी बसा."

तो गाडीखाली सरकला. इंजिन चालू. पहिला गिअर. चाकं फिरू लागली.

एक मिनिट काहीच नाही.

मग... चाकं अडखळली. पुन्हा फिरली. पुन्हा अडखळली.

खालून आवाज आला.

"भाऊ, क्लचवरचा पाय काढा."

"पाय नाही माझा."

"काढा म्हणतो ना. इथं दांडी हलायलीय. अर्धा क्लच दाबतात अन् सोडतात, तसं होतंय."

कमळाकरने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले.

"धर्मराज, मी मांडी घालून बसलोय."



कमळाकरने वाकून पाहिलं.

क्लचचं पेडल... हळूहळू खाली जात होतं.

थांबलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं. कोणीतरी सवयीने, अगदी सांभाळून पाय ठेवावा तसं.

"वहिनींना उतरू द्या," धर्मराजचा आवाज बारीक झाला होता.

नंदिनी उतरली. पेडल वर आलं आणि तिथेच राहिलं. चाकं एकसारखी फिरू लागली.

धर्मराज खालून बाहेर आला. हात पुसत राहिला. कुणाकडे न बघता म्हणाला, "यात माझं काम नाही, भाऊ."

परतताना कमळाकरने खाडीजवळच्या भरावाच्या मोकळ्या मैदानात गाडी थांबवली.

"कोन हाय?" त्याने विचारलं.

नंदिनीने मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते मना गाडी शिकवायचे. इथंच. मी ष्टेरिंगवर, ते बाजूला. गाडी बंद पडायला लागली का तिकडनं पाय लांब करून क्लच दाबायचे."

तिला गाडी चालवता येते हे कमळाकरला आजवर माहीत नव्हतं. लग्नाला आठ महिने झाले होते.

"चालव," तो म्हणाला.

जागा बदलल्या. तो डावीकडे दाराशी बसला. मधली जागा रिकामी. नंदिनीने पहिला गिअर टाकला. गाडी निघाली... एकही हिसका नाही. दुसरा. एकही नाही. बैलाच्या चालीने गाडी मैदानभर फिरली. नंदिनी समोर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तोच मऊपणा होता.

कमळाकरने मधल्या रेक्झिनवर हात ठेवला.

सीट गरम होती. आत्ता कोणी उठून गेल्यासारखी नव्हे... बसलेलं असताना असते तशी.

त्याने हात काढून घेतला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी गाडी विकली असती," ती म्हणाली. "मग ते कुठे बसले असते?"

मामा मला म्हणाला, पेडल हलताना पाहिलं तेव्हा तो घाबरला होता. पण हे वाक्य ऐकलं तेव्हा त्याला भीती वाटली नाही. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा. असा हेवा त्याने पुढे कधी कुणाचा केला नाही.

आठवड्याभरात त्याने पिकअप करंजाड्याच्या एका गृहस्थाला विकून टाकली. नंदिनी एक शब्द बोलली नाही. रडली नाही. त्या गृहस्थाला गाडीने कधीच त्रास दिला नाही.

आज मामा सत्तरीच्या पुढे आहे. संसार चांगला झाला. मामीने त्याला काही कमी पडू दिलं नाही, हे तोही मान्य करतो.

पण मी दिवाळ्याला जातो तेव्हा एक गोष्ट मीही पाहिली आहे. मामी बाहेरून घरात आली की लगेच दार लावत नाही. ती थोडी बाजूला सरकते... दार धरून उभी राहते... एक माणूस आत येईल एवढा वेळ.

मग दार लावते.

मामा तेव्हा मान खाली घालून बसलेला असतो.