खालच्या खोलीतलं चौथं यंत्र

ट्युनिशियातल्या सफाक्स शहराच्या जुन्या तटबंदीजवळची ती ध्वनिसंग्रहाची इमारत आता पाडली. तिथे दाताचा दवाखाना झालाय. तरी त्या रस्त्याने जाताना नजलाची पावलं अजून मंदावतात. पंधरा वर्षं झाली, पण काही जिने पाडले तरी पायांना आठवतात!

त्याच जिन्यावर तो तिला पहिल्यांदा धडकला होता. ती केबलींचं भेंडोळं घेऊन खाली येत होती, तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर जात होता. धडक झाली आणि तिच्या पायावर काहीतरी आठ पायांचं पडलं. नजला अशी किंचाळली की अंगणातली कबुतरं उडाली.

"मेलेला आहे हो! वाळवलेला ऑक्टोपस आहे!"

"मग माझ्या पायावर काय करतोय?"

"पाय आवडला असेल… त्याची काय चूक?"

हा लसाद. समोरच्या केरकेना बेटावरचा. बेटावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून दर गुरुवारी बोटीने इथे, ध्वनिसंग्रहात, आणून द्यायची हे त्याचं काम. ऑक्टोपस संचालक सी तौफीक यांना भेट द्यायचा होता. उन्हाने रापलेला चेहरा, शर्टाची एक गुंडी तुटलेली, आणि हसला की डावा डोळा आधी हसायचा. नजलाने हे सगळं रागाने बघितलं, पण बघितलं मात्र नीट.

गाणी सांभाळायचं काम नजलाचं. पूर्वी प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती तीन यंत्रांवर ठेवत. जागा संपत आली, तेव्हा तिने नवी पद्धत बसवली. सफाक्सची मुलगी ती, काटकसर आईच्या दुधातून आलेली! सी तौफीक तर इतके खूश झाले की स्वतः उठून चहा घेऊन आले.

"म्हणजे माझ्या गाण्यांचे तुकडे करणार तुम्ही?" लसादने विचारलं.

"सहा तुकडे. आणि त्या सहांवरून गणिताने काढलेले आणखी तीन. नऊ तुकडे, नऊ यंत्रं. कुठलीही तीन यंत्रं बंद पडू देत, उरलेल्या सहांवरून गाणं जसंच्या तसं परत उभं राहतं."

"आणि चार बंद पडली तर?"

"नाही पडणार. वर, खाली आणि अंगणापलीकडे, तीन खोल्यांत तीन-तीन ठेवलीत. अख्खी एक खोली बुडाली तरी चालेल."

"तुम्ही सफाक्सची माणसं! तीन प्रतींचं काम दीडमध्ये उरकता."

"आणि तुम्ही बेटावरची माणसं दीड तासाच्या कामाला तीन दिवस लावता."

तो हसला. डावा डोळा आधी… आणि नजलाने घाईघाईने संगणकाच्या पडद्याकडे नजर वळवली.

मग गुरुवार म्हणजे गुरुवारच झाला. ती सकाळी दोनदा केस विंचरायची आणि बहिणीने विचारलं तर समुद्रावरच्या वाऱ्याला नावं ठेवायची. तो कधी वाळवलेले अंजीर आणायचा, कधी ऑलिव्हचं तेल घालून मळलेला सातू, त्याच्या आईच्या हातचा. एका गुरुवारी त्याने आईचंच गाणं आणलं. जात्यावर दळताना म्हणायचं, बेटावर आता कुणालाच न येणारं.

"गळा चांगला नाही तिचा," तो लाजत म्हणाला, "पण शब्द फक्त तिलाच येतात."

नजलाने गाणं चढवलं, तुकडे नीट बसले का ते तपासलं आणि नेहमीप्रमाणे पावतीवर सही केली. पावती मिळाली की रेकॉर्डरमधलं पुसायचं, पुढच्या गावासाठी जागा करायची, हा तिथला रिवाज. लसादने तिच्यासमोरच पुसलं.

त्या हिवाळ्यात आई गेली.

त्यानंतर तो आठवड्यातून तीनदा येऊ लागला. तळमजल्यावरच्या ऐकण्याच्या खोलीत बसायचा, दुसऱ्यांची गाणी ऐकत, वहीत शब्द उतरवत. आईचं मात्र एकदाही लावलं नाही त्याने. "आहे ना ते… बास," एवढंच म्हणायचा. नजला वरच्या मजल्यावर आणि तो खाली. खाली जायला रोज नवं निमित्त कुठून आणायचं? मग एका दुपारी तिने वरच्या खोलीतलं एक यंत्र उचललं आणि खाली, त्याच्या बाकाच्या दुसऱ्या टोकावर नेऊन ठेवलं. सी तौफीकना सांगितलं, वर गरम होतंय. यंत्राची देखभाल आता दिवसातून चार वेळा व्हायला लागली. इतकं लाडावलेलं यंत्र अख्ख्या ट्युनिशियात नसेल!

खाली तिनाची चार झाली. हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पुढच्या आठवड्यात परत नेऊ, असं ती दर आठवड्याला म्हणत होती.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी तिने दार उघडलं, तर तळमजल्यावर घोटाभर पाणी. भिंतीतला नळ फुटून रविवारभर वाहत होता. तिने वरची यंत्रं मोजली, दोन. अंगणापलीकडची तीन. पाच. परत मोजली. पाचच. सहा हवी होती, आणि सहावं खाली, पाण्याने वेढलेल्या बाकावर, बंद पडून होतं.

नऊच्या बोटीने लसाद आला. गाणी गेली, असं तिने त्याला दारातच सांगितलं.

"आईचं पण?"

"सगळीच गाणी… हो. तिचं पण."

"पण तू तर म्हणाली होतीस, एक खोली बुडाली तरी चालेल."

"खाली तीनच असती तर चाललं असतं. चौथं मी आणलं."

"का?"

नजलाला खोटं बोलता आलं असतं. गरम होत होतं, हे सी तौफीकना पटलं होतंच. पण तिने बोटात बोटं अडकवली आणि म्हणाली,

"तू इथे बसायचास म्हणून. मला… तुझ्याजवळ यायला निमित्त हवं होतं."

तो वळला आणि धक्क्याच्या दिशेने चालायला लागला. ती मागे गेली नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

चारही यंत्रं तिने उन्हात काढली. तीन पार गेली होती. चौथं, तेच तिने आणलेलं, बाकावर होतं म्हणून त्याची डिस्क कोरडी होती, पण शॉर्ट सर्किटने आतलं बाकी सगळं जळालेलं. डिस्क काढून तिने दुसऱ्या यंत्रात घातली. पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा तीही नाही. तिसऱ्यांदा ती फिरली, आणि नजला जमिनीवर बसून ढसाढसा रडली. सहा तुकड्यांवरून गाणी परत उभी राहायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत बेटावरून फोन आला नाही, तिने केलेले कुणी उचलले नाहीत.

चौथ्या दिवशी ती बोटीत बसली.

लसाद अंगणात जाळं विणत होता. तिने त्याच्यासमोर छोटा रेकॉर्डर ठेवला. त्याचा हात बटणापर्यंत गेला आणि परत आला.

"तू लाव," तो म्हणाला. "माझ्याने नाही होत."

जातं घरघरलं. मग तो आवाज आला, फाटका, सुरात नसलेला, प्रेमळ. तिसऱ्या कडव्याशी गाणं मध्येच थांबलं आणि आई ओरडली, "लसाद, पाय मागे घे रे मेल्या! सगळं पीठ तुडवशील!" आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

लसाद हसला आणि त्याच हसण्यात रडला. नजलाने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही.

"मी तुला कधी माफ करणार नाही असं ठरवलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"तीन दिवस ठरवत होतो. जमलंच नाही. सारखं एकच आठवत होतं… निमित्त हवं होतं म्हणालीस ते."

नजलाची मान खाली गेली. साडेपाचची बोट शेवटची होती, तो तिला सोडायला धक्क्यापर्यंत आला. फळी ओलांडून ती आत गेली, कठड्याशी जागा धरली, आणि निरोपाचा हात हलवायला वळली, तर धक्का रिकामा.

"सरक जरा," बाजूने आवाज आला.

"अरे, बोट सुटली! तू कुठे निघालास?"

"तुझ्या वडिलांना भेटायला," लसाद म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. "निमित्त काही नाही. सरळ विचारणार आहे."