सुपातली प्रदक्षिणा

राजमती ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. आज तिला बघायला पाहुणे यायचे होते. तिची आई चंपाबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जाताना बजावून गेली होती, "भात येळेत टाक गं. दिवस मावळला की घास न्हाय." कोगनोळीच्या जैनांच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटतच नसे.

अंगणात कुणीतरी खाकरलं.

"चंपाबाईंचं घर हेच न्हवं? गाडी ओढ्यात रुतली, मामा मागनं येत्यात. मी भूपाल... बेळगावच्या शाळेत गणित शिकवतो."

म्हणजे — हेच ते! राजमतीची मान खाली गेली. तांदूळ उगीच इकडून तिकडं सरकले.

"मामा म्हणाले, पोरीला सैपाक येतो का विचार. मी म्हटलं, मी आकडे विचारणार."

"विचारा की," ती हळूच म्हणाली. "हरलात तर रुसायचं न्हाय."

तो हसला. वाकून त्यानं सुपातल्या तांदळावर बोटानं लिहिलं — १४२८५७. "दुप्पट?"

तिचे ओठ हलले. २८५७१४.

"अय्या... हे तर तेच अंक!"

"तिप्पट करा."

४२८५७१. पुन्हा तेच! चौपट, पाचपट, सहापट... तांदूळ सपाट व्हायचे, बोट फिरायचं. क्रम न मोडता सहाही अंक फिरत होते, गाभाऱ्याभोवती बायका फिरतात तसे. कधी ही पुढं, कधी ती. राजमतीच्या अंगावर काटा आला.

"आता सातपट..." त्याचाही आवाज खाली आला होता.

९९९९९९.

अंगणातलं ऊन कधी सरकलं, दोघांनाही कळलं नाही.

"फिरणं संपलं," ती पुटपुटली. "सगळे सारखे झाले... जन्ममरण सुटून सिद्ध झाल्यागत."

"मी दरसाल हे पोरांना शिकवतो," तो म्हणाला. तो आता सुपाकडं बघतच नव्हता. "पण असं... कधी दिसलं नव्हतं."

तेवढ्यात गाडी दारात आली. मामा उतरले, मागोमाग चंपाबाई पोचली. दिवस मावळला होता, चूल थंड होती, तांदूळ सुपातच होते.

"अगं बया! पाव्हणं उपाशी?"

"भूपाल, चल रं," मामा कडाडले. "येळेचं भान नसलेली पोरगी आपल्या घरी चालायची न्हाय."

"मामा, बोलत मीच बसवलं त्यांना —"

"गाडीत बस!"

राजमती मोठ्यांपुढं कधी बोलली नव्हती. ती उभी राहिली.

"मामा, भात ऱ्हायला ही माझी चूक. उद्या मी उपास करीन. पर स्थळ मोडू नका. मला... मला हे पसंत हाईत."

पोरीला विचारायची रीत नव्हती, तिनं आपणहून सांगायची तर नव्हतीच.

भूपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो गाडीकडं गेला आणि बैलांच्या मानेवरचं जू उतरवू लागला.

"हे काय रं? मला इचारलंस?"

"उद्या जेवताना विचारतो की, मामा!"

मामांनी एकदा दोघांकडं बघितलं. मग पटका काढून ओट्यावर ठेवला आणि मुक्कामाला बैठक मारली.