मिटक्यांची दरी

थोरलीला बाबांचा एक चाकू हवा होता. एकच! तोही कोरा, कुणाचा हात न लागलेला.

जन्मभर बाबांनी चाकू घडवले आणि घरात त्यातला एकही उरला नव्हता. लाकडाची मूठ, पोलादाचं पातं आणि दोघांना बांधून ठेवणारा एकच खिळा. स्प्रिंग नाही, खटका नाही, नक्षी तर नाहीच. मिटला की मुठीच्या कुशीत निजायचा, म्हणून लोक त्याला ‘मिटका’ म्हणायचे. गुराख्यांनी घेतला, माळ्यांनी घेतला, शाळकरी पोरींनी पेन्सिली तासायला घेतला. दोऱ्या कापल्या, फळं चिरली, साली सोलल्या. आणि पातं झिजून काडीएवढं झालं, तेव्हा कुठेतरी टाकून दिला. स्वस्त वस्तूला कपाटात कोण ठेवतं?

थोरली ठेवायची. पुस्तकं बांधण्याचा तिचा धंदा. दुकानात खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, आणि खिडकीखालच्या लांब खणात तिचे चाकू: पत्र्याच्या मुठीचे, शिंगाच्या मुठीचे, भंगारातून उचललेले, जुन्या बाजारात हुज्जत घालून आणलेले. शोभेला एकही नाही. आज हा कागद कापणार, उद्या तो. प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाळी संपली की मुठीला जवसाचं तेल चोळून चोळून ती त्याला असा गुळगुळीत करायची की पातं लोण्यातून निघाल्यासारखं उघडावं.

शहरात चाकूंचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. ते भरवणारे गृहस्थ म्हणजे काचेच्या कपाटांचे धनी. थोरली त्यांना ‘कपाटवाले’च म्हणायची. तिने बाबांचं नाव काढलं तसे ते हसले.

“बाई, ती भाजी चिरायची अवजारं. आणि तुमच्या वडिलांचा धड राहिलेला चाकू पाहिलाय कुणी? एखादा कोरा आणा, कोपऱ्यात जागा करू.”

“कोपरा नको,” थोरली म्हणाली. “मधली जागा ठेवा. आणते!”

कोरे मिटके असलेच तर एकाच ठिकाणी असणार होते. डोंगरापलीकडच्या खोल दरीत, नदीकाठी, बाबांची भट्टी होती. नदी चाक फिरवायची, चाक सहाण फिरवायचं. आजारी बाबांना तिथून पाठीवर घालून आणलं, तेव्हा तयार झालेली शेवटची पेटी मागेच राहिली. पुढे बाबा गेले, दरड कोसळून वाट मोडली आणि भट्टीकडे कुणी फिरकलं नाही.

“वाट मोडली म्हणजे काय, दरी मोडली का?” असं म्हणत थोरलीने पिशवी भरली. सोबत दवाखान्यात परिचारिका असलेली धाकटी बहीण आणि तिचा नवरा, भावोजी. ते ट्रक चालवायचे आणि चार पावलं चालणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

“ताई, रस्ता नसेल तिथे मी जात नाही,” ते म्हणाले.

“मग दोर घ्या. दोरावरून चला.”

दोर त्यांनीच खांद्यावर घेतला.

रान दाट होतं. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ मखमलीसारखं चढलेलं. पायाखाली पानांचा इतका जाड थर की पाऊल पडल्याचा आवाजही रान गिळून टाकी. रानापुढे दरडीचे धोंडे लागले. एकावर पाय ठेवावा तर दुसरा हलायचा! धाकटी पुढे, थोरली मध्ये, भावोजी मागून देवाला आणि बायकोला आळीपाळीने हाका मारत. धोंडे संपले आणि एकदम जमीनच संपली. खाली दरी होती. तळाशी हिरवट, थंड नदी आणि तिच्या काठी एक काळं, वाकलेलं छप्पर.

“तीच!” थोरली म्हणाली.

कडेवर एक जाड झाड होतं. त्याला दोर बांधून तिघं मातीच्या उभ्या भिंतीवरून खाली उतरली.

भट्टीत बाबा नुकतेच उठून बाहेर गेल्यासारखं होतं. सहाणेवर बोटांनी पाडलेली खाच. खुंटीवर चामड्याचा पट्टा. हातोड्याचा दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला. थोरलीने तो नुसता धरला, उचलला नाही. पेटी सहजासहजी सापडली नाही. कोसळलेल्या छपराचे वासे उपसता उपसता दुपार कलली. शेवटी कोपऱ्यातल्या मातीखाली लाकूड लागलं. झाकण उघडलं. चरबीचा कागद घालून मिटलेली पाती, आणि कोरड्या, पिवळसर, बिनतेलाच्या मुठी. रांगेने निजलेले मिटके!

“एवढे!” धाकटीने तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात बाहेरून भावोजी ओरडले, “नदी वर येतेय!”

दिवसभराच्या उन्हाने वर, नदीच्या उगमाशी, शिखरांवरचं बर्फ वितळलं होतं. पाणी चाकाच्या आसाला लागलं, मग उंबऱ्याला. पेटी घेऊन तिघं दोराकडे धावली. भावोजींनी दोराला ओढ दिली मात्र, वर काहीतरी कडाडलं.

“बाजूला व्हा!” धाकटी ओरडली.

माती सुटली. झाड मुळांसकट खाली आलं आणि धाडकन पाण्यात पडलं! दोर त्याच्याबरोबर निघाला. भावोजींनी टोक सोडलं नाही. गुडघाभर पाण्यात ते ओढले जाऊ लागले. धाकटीने कमरेचा चाकू उघडला, दोराच्या गाठीपाशी दोन घाव घातले. दोर हाती राहिला. झाड गेलं.

आता दोर होता, पण वर बांधणार कोण? समोर दोन मजले उंचीची मातीची भिंत, घट्ट आणि गुळगुळीत. मागे नदी.

“खुंट्या हव्यात,” धाकटी म्हणाली.

थोरलीने खिशातून आपला लाडका चाकू काढला, पातं भिंतीला टेकवलं आणि मुठीवर दगड मारला. चाकू खटकन मिटला. तिच्या बोटांवर!

“अगं आई!”

रक्त आलं. धाकटीने रुमाल फाडून बोटं आवळली. थोरली आपल्या चाकूकडे बघत राहिली. इतकं तेल पाजलं होतं तिने त्याला की तो आता कशालाच धरून राहत नव्हता.

मग तिची नजर पेटीकडे गेली.

बाबा आडमुठ्या गिऱ्हाइकाला सांगायचे: पातं सैल वाटतंय? ओढ्यात बुडवून ठेव, लाकूड फुगतं, पातं धरतं. पण तेल प्यालेलं लाकूड पाणी पीत नाही. पेटीतल्या मुठी कोरड्या होत्या.

“भिजवले की ते कोरे राहणार नाहीत, ताई,” धाकटी हळूच म्हणाली.

“आपण तरी राहणार आहोत का?” थोरलीने पेटी पाण्यात पालथी घातली.

एकेक मिटका उघडून तिघांनी दोन धोंड्यांमधल्या डबक्यात निजवला. आता थांबायचं! पाणी घोट्याला लागलेलं, थंडीने दात वाजणारे, आणि घाई करून उपयोग नाही. भावोजी पेटीवर चढून उभे राहिले. धाकटीने जात्यावरच्या चालीत, थरथरत्या आवाजात, तिथल्या तिथे जुळवलं:

भीज भीज रे लाकडा, धर पोलादाचा हात,
तूच सैल पडलास तर कोण देईल साथ?

“गाण्याने फुगतं होय लाकूड?” भावोजी म्हणाले.

“तुम्ही फुगता की!”

हसता हसता पाणी गुडघ्याला आलं. थोरलीने एक मिटका उचलून मिटून पाहिला. मिटेना! दोन्ही हातांनी जोर केला. मिटेना!

“मी थोरली, मी पुढे,” तिने दोर कमरेला बांधला, ओले चाकू पिशवीत भरले. “धार वर ठेवून ठोकायचा, म्हणजे भाराने मिटणार नाही.”

दगड बसला. पातं मातीत शिरलं, मूठ बाहेर राहिली. एक पायाला, एक हाताला. पुन्हा ठोक! पुन्हा वर! खालून धाकटी पाय कुठे ठेवायचा ते सांगत होती. एका ठिकाणी आत खडा लागला, पातं काडकन तुटलं, थोरली एका हातावर लोंबकळली. बोटांतून रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

“ताई!”

“ओरडू नकोस, दुसरा देते ठोकून!”

दिला. पाय टेकला. पुन्हा वर.

कडा हातभर उरली आणि पिशवीत एकच मिटका उरला. पाणी लागलेला, पण चिरा नाही, ओरखडा नाही. मधल्या जागेत ठेवण्याजोगा. डावीकडे, पडलेल्या झाडाचं तुटून मागे राहिलेलं एक मूळ लोंबत होतं. ते धरलं तर हा चाकू वाचणार होता. तिने मुळाकडे हात नेला. मुळातून बारीक माती झरत होती. खाली कमरेइतक्या पाण्यात धाकटी उभी होती, वर तोंड करून.

थोरलीने हात मागे घेतला. शेवटचा मिटका काढला, धार वर केली आणि सारा राग दगडात घालून ठोकला. एकदा! दोनदा! त्याच्यावर पाय देऊन ती कडेवर पालथी पडली.

कडेपासून मागे मोठा खडक होता. दोर त्याला बांधला. धाकटी वर आली. सगळ्यात शेवटी, मुठींवर पाय देत, धापा टाकत भावोजी. काठाशी येऊन ते थबकले, वाकले आणि वरच्या मिटक्याला हिसडे देऊ लागले.

“काय करताय?” धाकटी किंचाळली.

“ताईंना एक तरी नको का? ...निघत नाहीये! बापरे, काय धरलंय याने!”

“राहू द्या हो,” थोरली म्हणाली, आणि माती भरल्या तोंडाने हसत सुटली.

खाली नदीने भट्टीचं छप्पर उचललं. उन्हात भिंतीवर पिवळ्या मुठींची रांग ओली चकाकत होती.

प्रदर्शनाच्या दिवशी कपाटवाल्यांनी तिचे पट्टी बांधलेले हात पाहिले, मग रिकामे हात पाहिले.

“म्हणजे चाकू नाहीत तर.”

“आहेत. पेटीभर होते.”

“पुरावा?”

“मी, माझी बहीण, तिचा नवरा. तिघं वर आलो. खाली जायचं असेल तर वाट दाखवते. पायऱ्या आता आहेत.”

कपाटवाल्यांनी मधल्या जागेकडे बोट केलं. दालनाच्या मधोमध, काचेखाली मखमलीचा एक तुकडा कोरा पडला होता. लोक थांबून त्याच्याकडे बघत होते.

“मग ही जागा मी रिकामीच ठेवू की काय?”

“रिकामी कशाला?” थोरली म्हणाली. “बाबांचं नाव घाला, आणि खाली लिहा: चाकू वापरात आहेत.”