लाइट नसताना वाजलेलं मशीन

"अगं, पाखरूच ते. गेलं असेल उडून," दादी म्हणाली.

"हळदी नाश्ता सोडून कुठेही जात नाही, दादी."

इन्शाच्या हातातल्या स्टीलच्या वाटीत उकडलेलं अंडं आणि भिजवलेली डाळ कालवून तयार होती. सकाळची ती वाटी दुपारचा एक वाजला तरी तशीच! दुरुस्तीसाठी बारापासून सगळ्या इमारतीची लाइट बंद होती, ती दोनला येणार होती. बाहेर सेहेचाळीस डिग्री. आखातातल्या करामा वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीत माणसं घामाने निथळत होती, तिथे एवढ्याशा साळुंकीची काय कथा?

गेल्या वर्षी पार्किंगमध्ये पडलेलं उघडंबोडकं पिल्लू इन्शाने घरी आणलं, तेव्हा ते दोन दिवस काढणार नाही असं अब्बांनी सांगून टाकलं होतं. इन्शा हट्टाला पेटली. वाटीवर चमच्याने टकटक करायचं, चोच वासली की घास भरवायचा, पोट भरलं की "खलास" म्हणायचं. दर दोन तासांनी, महिनाभर! चोच पिवळीधमक म्हणून नाव हळदी. पिंजरा नव्हताच. दिवसभर बाहेर हुंदडायची आणि टकटक ऐकली की खिडकीत हजर. वॉशिंग मशीन थांबल्याची धून तर इतकी हुबेहूब काढायची की अम्मी कितीदा उगाच कपडे काढायला धावली होती. हल्ली मात्र ती घास चोचीत धरून, न गिळताच पसार व्हायची.

पाचव्या मजल्यावरचा तिचा वर्गमित्र रेयांश धापा टाकत आत आला. "पार्किंग, टेरेस, कोपऱ्यावरचं झाड, एव्हरीव्हेअर बघितलं. नथिंग. पण एक वीअर्ड गोष्ट आहे. मागच्या तारेवरची एक साळुंकी चोचीत अळी घेऊन सारखी आपल्या भिंतीपाशी येते आणि परत जाते."

त्याच भिंतीत जुन्या विंडो एसीची रिकामी भोकं होती. आतून प्लायवूड लावलेलं, बाहेरून उघडी. कबुतरांचा त्रास नको म्हणून आज सकाळीच त्यांवर पत्रे बसवले होते.

इतक्यात कुठूनतरी बारीक आवाज आला. टिंग टिंग टिडिंग.

"झालं बघ शेजाऱ्यांचं मशीन," दादी म्हणाली.

इन्शा जागच्या जागी थिजली. "दादी, लाइट कुठे आहे?"

पुन्हा तीच धून आली, या वेळी अर्धीच. "ती पत्र्याच्या आत आहे, रेयांश. मिक्सर लावला की ती अंग चोरून गप्प बसते. सकाळी पत्र्यांसाठी ड्रिल सुरू झाल्यावर तशीच बसली असणार. आणि आता त्या भिंतीवर ऊन येतंय."

दोघं वाटी-चमचा घेऊन जिन्याकडे पळाले. तिसऱ्या मजल्यावर टकटक. कान देऊन ऐकलं. चीं... अगदी क्षीण. चौथ्यावर काहीच नाही. पुन्हा खाली. भिंतीकडच्या टोकाला विष्णूकाकांचं दार होतं. ते अल क्वोजच्या गोदामात रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. बेल वाजेना, म्हणून दोघांनी दार बडवलं.

"काय रे, आग लागली का?" काका डोळे चोळत आले. सगळं ऐकून त्यांची झोप उडाली. तिघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे प्लायवूड होतं आणि त्याला आठ स्क्रू होते. काकांकडे स्क्रूड्रायव्हर नव्हता.

"अहमदभाई खाली आहे, पत्रेवाला," रेयांश म्हणाला आणि त्याला बोलवायला पळाला.

सुपरवायझर अहमदभाई कुरकुरतच वर आला. "बेटा, मैंने सब चेक किया है. लिस्ट देखो, सब खाली." त्याच्या कागदावर एका पेनाने, एका दमात मारल्यासारख्या बारा खुणा होत्या. "बोर्ड खोलने के लिए मॅनेजर का लेटर चाहिए. संडे को देखेंगे."

रविवारपर्यंत! इन्शाला रडू फुटणार होतं. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, हे तिच्या लक्षात आलं. ती शांतपणे म्हणाली, "अहमदभाई, लाइट कधी येणार?"

"दो बजे."

"मग हे ऐका." तिने वाटीवर टकटक केलं.

प्लायवूडमागून आवाज आला. टिंग... टिंग.

"अहमदभाई, बिना लाइट के किसका मशीन चल रहा है?"

अहमदभाईने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग त्या भिंतीकडे. कागद खिशात कोंबून त्याने मुकाट्याने पट्ट्यातला स्क्रूड्रायव्हर काढला. एक, दोन, पाच, आठ. फळी निघाली आणि भट्टीसारखा झोत तोंडावर आला.

आत हळदी होती. चोच वासून धापा टाकत, पंख पसरून बसलेली. इन्शाने चमच्याने पाणी दिलं. हळदी अधाशासारखी प्याली.

"चल, घरी चल," इन्शाने हात पुढे केला.

हळदी हातावर आली नाही. तिने वाटीतला घास उचलला आणि मागे वळली. तिच्या पंखांखालून तीन उघड्याबोडक्या माना वर आल्या. घास एका चोचीत गेला.

इन्शाचा हात तसाच अधांतरी राहिला. रोज न गिळलेला घास कुठे जात होता, ते आत्ता कळलं. तिला आनंदही झाला आणि आत कुठेतरी दुखलंही. तिने हात मागे घेतला.

"पत्रा काढा, अहमदभाई. त्यांचे बाबा तारेवर थांबलेत."

त्या संध्याकाळी अहमदभाईने उरलेले अकराही पत्रे उघडून बघितले. आणखी दोन घरटी निघाली. जाताना तो इन्शाच्या घरी आला. "बेटा, ड्रिल मेरे पास, लिस्ट मेरे पास. कान तुम लोगों के पास निकले." विष्णूकाकांनी पिल्लं उडेपर्यंत कपाट पुढे लावणार नाही, असं कबूल केलं.

दादी, म्हणजे रत्नागिरीची मैमुनाबी, सहसा कुणाचं कौतुक करत नसे. तिने इन्शाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पाखरू उडून गेलं म्हणणारी मीच चुकले गं. वाढवायचं तर तुझ्यासारखं, न बांधता."

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्शाने खिडकीत टकटक केलं. हळदी आली, चोच भरून घेतली आणि न गिळताच उडाली.

"खलास," इन्शा सवयीने म्हणाली. मग दादीकडे वळली.

"दादी, आणखी एक अंडं उकडतेस? आता चौघांचं लागेल."