भिंतीकडची जागा

एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात भंडारदऱ्याच्या धरणात गाळ मोजणारी सरकारी बोट आली आणि राहीबाईंना तिच्यावर स्वयंपाकाचं काम लागलं. जाड पत्र्याची अवजड बोट ती. खाली एकच खोली, तिच्यात भिंतीला ठोकलेल्या तीन फळ्या, हीच निजायची सोय. एका फळीवर सुमंत साहेब, दुसरीवर राहीबाईंचा भाऊ कानिफनाथ. तो इंजिन चालवी. तिसरी पुण्याहून येणाऱ्या मदतनिसाची, अजून रिकामी. राहीबाई मागं चुलीपाशी, गोणपाटाआड निजायच्या. दिवसभर साहेब दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडत आणि आकडे लिहीत. जेवायला, चहाला सगळे शिडीच्या पायऱ्यांवर बसत. दुसरी जागाच नव्हती.

राहीबाईंचा थोरला, गहिनीनाथ, भादव्यात याच पाण्यात गेला होता. अंग सापडलं नव्हतं. दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, पोराला मोकळं करू, म्हणून कानिफनाथ मागं लागला होता. बाई ऐकत नव्हत्या. पुतळा जळाला की माणसाला घरी निजायला जागा उरत नाही, असं त्या म्हणत.

सकाळी अंथरूण पसरलेलं राहिलं की भलतंच कुणी येऊन निजतं, हे तेव्हा आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक. राहीबाई दोन अंथरुणं गुंडाळायच्या. तिसरं पसरून ठेवायच्या.

आठ दिवसांनी त्या अंथरुणाला मधोमध खोलगा दिसू लागला. बाई दुपारी लवंडत असतील, असं साहेबांना वाटलं. मग उशीला ओल आली. साहेबांनी पत्रा गळतो का ते तपासलं. सांधा न् सांधा कोरडा. कानिफनाथानं डोक्याची बाजू बदलली. इंजिनाचा वास येतो म्हणाला. आता त्याचं डोकं बरोबर इंजिनाकडेच आलं होतं.

मदतनीस नृसिंह येत असल्याची तार आली, तेव्हा राहीबाई पहिल्यांदाच साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"सायब, त्यास्नी वर निजवा. ती फळी देऊ नका."

"का?"

"तिथं निजतंय."

"मग त्याला काय पाण्यात निजवू?" साहेब बोलून गेले, आणि मग बराच वेळ वहीत बघत बसले.

नृसिंह संध्याकाळच्या एस.टी.नं आला, जेवला आणि त्याच फळीवर आडवा झाला. राहीबाई चुलीपाशी बसून राहिल्या.

सकाळी चहाला तो वर आला, तो कुरकुरतच.

"साहेब, एका फळीवर दोघं आहेत, हे तारेत कळवायचं तरी."

कानिफनाथाची बशी ओठांशी थांबली.

"मुलगा भला आहे. मी आलो तसा भिंतीकडे सरकला. पण पाय फार गार हो त्याचे."



राहीबाईंनी हळूच विचारलं, "घोंगडी घेतली हुती का त्यानं?"

"सगळी मलाच दिली."

साहेब उठले. पेटीतून कोरी घोंगडी काढली आणि राहीबाईंच्या हातात ठेवली. त्या शिडी उतरून गेल्या.

वारा पडला होता. धरणाचं पाणी जागच्या जागी होतं.

खालून त्यांचा दबका आवाज आला, घरातला असतो तसा.

"उठू नगं. नीज अजून."

कुणीतरी कूस बदलली, आणि वर तिघांच्या बशीतला चहा हळूच एका बाजूला कलला.