छत्रापुढच्या ठळक बातम्या

"दोन हजार चार साली मी मद्रासचा पोलीस कमिशनर असेन," विघ्नेश म्हणाला, "आणि तुमच्यापैकी कोणी सिग्नल तोडला तर ओळख दाखवणार नाही."

"दहा वर्षांत कमिशनर होत नाहीत," प्रवीणकुमार ऊस चावत म्हणाला. "दहा वर्षांत फार तर तुला मिशी येईल."

सांबशिव अण्णांची व्हॅन ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागली होती. आत दहावीचा आख्खा वर्ग बसला होता. आख्खा म्हणजे चौघं. तंजावरच्या राजवाड्यामागे, मराठा राजांबरोबर आलेल्या घरांच्या गल्लीतली त्यांची शाळा आधीच लहान. त्यात स्टेशनपलीकडे कॉम्प्युटरवाली नवी शाळा निघाली आणि वर्गातली बाकीची मुलं तिकडे गेली. उरलेली चौघं मार्चमध्ये परीक्षा देणार आणि चार वाटांना जाणार. म्हणून पोंगलच्या सुट्टीत, ज्या दिवशी सगळा मुलूख डबे बांधून फिरायला निघतो त्या दिवशी, चंद्रमती टीचरनी ही पहिली आणि शेवटची सहल काढली होती.

दहा वर्षांनी कोण कुठे असेल, हा खेळही टीचरचाच. प्रवीणकुमारला अमेरिकेत कॉम्प्युटरवर बसायचं होतं. हरिप्रियाला टीव्हीवर बातम्या द्यायच्या होत्या. गल्लीत केबल आल्यापासून ती स्वयंपाकघरात पळी तोंडाशी धरून बातम्या द्यायची आणि सांबार ढवळायला पळी मिळत नाही म्हणून तिची अम्मा ओरडायची. राहिली वासुकी. ती म्हणाली, "मी आधी समुद्र बघते. मग सांगते."

तंजावरात जन्मून वासुकीने अजून समुद्र पाहिला नव्हता. बाकीच्या तिघांनी पाहिला होता आणि ते तिला तो ऐकवून ऐकवून दमवत. आज ओरत्तनाडूचं छत्र बघायचं, जेवायचं आणि पट्टुकोट्टैवरून थेट किनारा गाठायचा, असा बेत होता. टीचरची एकच अट होती. जेवण झालं की लगेच निघायचं. उशीर झाला तर समुद्र रद्द, कारण दिवेलागणीला मुलांना घरी पोचवायचा शब्द त्यांनी दिला होता.

छत्र म्हणजे मराठा राजांनी वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. रथाच्या आकाराच्या दगडी मंडपासमोर सावलीत बसून चौघं चिंचेचा भात खात होती, तेव्हा एक मिनीबस आली. बस अजून थांबलीही नव्हती, तोच तिच्या दारातून सफारी सूट घातलेल्या एका गृहस्थांनी उडी मारली. त्यांच्या दोन्ही हातांत मोठा दगड होता. ते बसबरोबर धावले, दगड पुढच्या चाकासमोर टाकला आणि टुणकन बाजूला झाले. बस दगडाला टेकून, हिसका देऊन थांबली. गृहस्थांनी घाम पुसला, कॉलर सारखी केली आणि हसून दार सताड उघडलं. आतून वयस्कर पाहुणे उतरू लागले. टोप्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. आणि सगळे मराठी बोलत होते.

"महाराष्ट्रातले दिसतात," हरिप्रिया कुजबुजली. "तिकडे बस अशीच थांबवतात की काय?"

वासुकीचा घास हातातच राहिला. जमीन ताटासारखी सपाट होती. तंजावर जिल्ह्यात चढ शोधायचा तर धरणाच्या भिंतीवर जावं लागतं. मग दगड कशाला? थोड्या वेळाने ड्रायव्हरने बस झाडाखाली हलवली, तेव्हाही सफारीवाले दगड घेऊन पुढे धावले. पाहुण्यांमधल्या कोणीतरी विचारलं, तर म्हणाले, कंपनीचा नियम आहे.

ते चहाच्या टपरीशेजारच्या एसटीडी बूथकडे वळले, तशी वासुकीने विघ्नेशला कोपराने ढोसलं. दोघं बिस्किटं घ्यायच्या निमित्ताने बूथच्या दाराशी उभी राहिली.

"हॅलो, पुणे ऑफिस? मोकाशी बोलतोय," गृहस्थ फोनमध्ये ओरडत होते. "अहो, ब्रेक नाही म्हणजे अगदीच नाही असं नाही. चार-पाचदा दाबला की थोडा लागतो... ऑइल गळतंय. गॅरेजं बंद आहेत, कसलासा सण आहे यांचा. रामेश्वरला पोचलो की बघू... पॅसेंजरना कशाला सांगायचं? उगाच घाबरतील." मग ते मोठ्याने हसले. "नाही हो, इथे कोणाला मराठी कळतंय?"

फोन ठेवून त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि प्रेमाने विचारलं, "क्या चाहिए, बच्चा?"

विघ्नेशच्या हातातली बिस्किटं खाली पडली.

दोघांनी धावत येऊन टीचरना सगळं सांगितलं. रामेश्वरच्या वाटेवर समुद्रावरचा मोठा पूल होता, त्याआधी गजबजलेली गावं आणि रेल्वेची फाटकं होती. टीचर तडक मोकाशींकडे गेल्या. पण गेल्या आणि इंग्रजीत बोलल्या. घरची मराठी घरातच, बाहेर तमिळ आणि परक्याशी इंग्रजी, ही गल्लीतल्या सगळ्यांचीच रीत. समोरचा माणूस मराठी आहे हे ठाऊक असूनही टीचरची जीभ वळली नाही. मोकाशींनी नम्रपणे सांगितलं की बस शंभर टक्के फर्स्ट क्लास आहे आणि मॅडमनी मुलांच्या बोलण्यावर जाऊ नये. टीचर परत आल्या, त्या स्वतःवरच चिडलेल्या होत्या. मग भावी कमिशनर गेला. मोकाशींनी काही बोलायच्या आतच त्याच्या गालाला चिमटा काढला आणि हातावर लिमलेटची गोळी ठेवली. विघ्नेश ती गोळी घेऊन परत आला.

"अरेस्ट केलंस?" प्रवीणकुमारने विचारलं.

तिकडे टाळ्या वाजवून मोकाशी पाहुण्यांना बसकडे बोलावू लागले होते. इकडे सांबशिव अण्णांनी हॉर्न दिला.

"टीचर, थांबूया," वासुकी म्हणाली.

"थांबलो तर समुद्र नाही, वासुकी. पुन्हा कधी जमेल, सांगता येत नाही."

वासुकीने बसकडे पाहिलं. एक आजोबा पायरीवर पाय ठेवत होते आणि दुसरे त्यांना मागून आधार देत होते.

"कळलं मला," ती म्हणाली. "थांबूया."

मग तिने हरिप्रियाला मंडपाच्या पायऱ्यांकडे ओढलं आणि काय करायचं ते सांगितलं. हरिप्रियाचा चेहरा उतरला. आपली मराठी ऐकून हे लोक हसतील, ती म्हणाली. आपण पणजोबांसारखं बोलतो, आणि मध्येच तमिळ घुसतं.

"हसले तर बरंच," वासुकी म्हणाली. "हसायला माणूस थांबतो."

हरिप्रिया सर्वांत वरच्या पायरीवर उभी राहिली. पळी नव्हती, म्हणून तिने पाण्याचा रिकामा लोटा तोंडाशी धरला. पहिला शब्द लोट्यातच विरला. दुसरा मात्र थेट टपरीपर्यंत पोचला.

"नमस्कार. ठळक बातम्या देतें. छत्रापुढें एक बस उभी आहे. तिला ब्रेक नाहीं. हें मोकाशी सराला माहीत आहे, ड्रायव्हराला माहीत आहे, फोनांत पुण्याला माहीत आहे. आंत बसणाऱ्यांना तेवढें माहीत नाहीं. हवामान चांगलें आहे."

पाहुणे जागच्या जागी थबकले. कोणीतरी खरंच हसलं. "अहो, ही पोरगी मराठी बोलतेय! पोथीतल्यासारखी!" बसच्या पायरीवरचे आजोबा खाली उतरले. गर्दीतून छत्री टेकत एक उंच बाई पुढे आल्या. त्या कराडच्या निवृत्त मुख्याध्यापिका मंगलाताई. त्यांनी हरिप्रियाला बातमी पुन्हा वाचायला लावली. मग त्या मोकाशींकडे वळल्या. मोकाशींच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता.

"मुलांची गंमत हो," मोकाशी म्हणाले. "ब्रेक उत्तम आहेत."

"मग दाखवा," वासुकी म्हणाली. गल्लीबाहेर, परक्या माणसाशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलत होती. "बस रिकामी चालवा. त्या पांढऱ्या खांबापाशी थांबली तर आम्ही चौघं तुमच्या पाया पडतों."

मंगलाताईंना परीक्षा म्हटल्यावर राहवेना. त्यांनी सर्वांना मंडपावर चढवलं, रस्ता मोकळा केला आणि छत्रीने खूण केली. माघार घ्यायला जागाच उरली नाही. मोकाशी ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्यांनी पायाशी हात घातला. दगड तिथे नव्हता. त्यांनी खिडकीतून डोकं काढून सगळीकडे पाहिलं. दगड झाडाखाली होता आणि त्यावर मांडी घालून प्रवीणकुमार ऊस खात बसला होता.

बस चालण्याच्या वेगाने निघाली. खांबापाशी आली. ड्रायव्हरचा पाय वरखाली, वरखाली होताना सगळ्यांना दिसत होता. बस खांब ओलांडून गेली. ती घाई न करता, वाट चुकलेल्या म्हशीसारखी पुढे पुढे गेली आणि नव्या पेंढ्याच्या गंजीत नाक खुपसून थांबली. पोंगलला शिंगं रंगवलेली एक गाय तिथे चरत होती. तिने मान वर करून मोकाशींकडे पाहिलं आणि पुन्हा पेंढा ओढायला लागली.

मंडपावर कोणी हसलं नाही. मग आजोबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "गंजीच्या जागी पूल असता तर?"

ड्रायव्हरने खाली उतरून किल्ली मंगलाताईंच्या हातात दिली. सकाळपासून मी हेच म्हणत होतो, तो पुटपुटला.

"पुटपुटत होतास," मंगलाताई म्हणाल्या. "या मुलीने मोठ्याने सांगितलं."

सांबशिव अण्णांनी व्हॅन पिटाळली आणि कुटुंबासह सहलीला निघालेल्या एका मेकॅनिकला अर्ध्या वाटेतून उचलून आणलं. मेकॅनिकबरोबर त्याची बायको, दोन मुलं आणि डबेही आले. तो बसखाली असेपर्यंत पाहुण्यांनी हरिप्रियाकडून आणखी बातम्या ऐकल्या, विघ्नेशने मोकाशींची गोळी त्यांना परत केली आणि मोकाशींनी पुण्याला पुन्हा फोन केला. या वेळी बूथच्या दाराशी मंगलाताई उभ्या होत्या आणि ते प्रत्येक वाक्य त्यांच्याकडे बघून बोलत होते.

नवा पाइप बसला, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बस खांबापाशी तीनदा थांबवून झाली. तिन्ही वेळा मंगलाताई आत बसल्या होत्या.

मग त्यांनी टीचरना विचारलं की मुलांचा पुढचा बेत काय होता. टीचरनी सांगितलं. बेत रद्द का झाला, तेही सांगितलं. मंगलाताईंनी वळून चौघांकडे पाहिलं.

"माझ्या शाळेत एका वर्गात साठ मुलं असायची, बाई," त्या म्हणाल्या. या वेळी टीचरनी इंग्रजी शोधली नाही, त्या मराठीतच म्हणाल्या, "माझ्या वर्गांत चारच आहेत."

"पुरे आहेत."

रामेश्वर उद्या, आज मुलांबरोबर समुद्र, असं पाहुण्यांनी एकमताने ठरवलं. टीचरनी बूथवरून गल्लीतल्या एकुलत्या फोनवर निरोप ठेवला की मुलं सुखरूप आहेत आणि यायला उशीर होईल. पुढे व्हॅन आणि मागे बस, अशी वरात किनाऱ्याला लागली तेव्हा आकाश केशरी झालं होतं.

समुद्र वासुकीने कल्पना केली होती तसा मुळीच नव्हता. लाटा गर्जत नव्हत्या; पाणी मोठ्या तळ्यासारखं शांत, पार टोकापर्यंत पसरलेलं होतं. बाकीच्या तिघांनी तिला चांगलंच फसवलं होतं. ती पावाडैचा लांब परकर गुडघ्यापर्यंत उचलून आत शिरली. मंगलाताई एका हाताने साडी आणि दुसऱ्या हाताने तिचा खांदा धरून मागोमाग आल्या. पाणी कोमट होतं. वासुकी वळून किनाऱ्याकडे बघत उभी राहिली. तिथे आजोबा पाय भिजवून आरडाओरडा करत होते आणि त्यांच्या भोवती बसमधली सगळी मंडळी हसत होती.

"अगं, समुद्र पुढे आहे," मंगलाताई म्हणाल्या. "मागे काय बघतेस?"

"माणसं बघतें," वासुकी म्हणाली. "सगळीं आहेत."