काठी लागली

रस्त्यात मावणार नाही एवढा माल निघाला, की त्याच्यापुढे एक छोटी गाडी धावलीच पाहिजे, असा नियम आहे. ती गाडी काका चालवायचे. त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला फाटकावरचा चौकीदारसुद्धा. गाडीच्या टपावर पिवळा दिवा आणि पुढच्या बंपरवर उभी बांधलेली एक लवचीक काठी. मागच्या ट्रेलरवरच्या मालापेक्षा ती वीतभर उंच ठेवायची. वाटेत तार, फांदी, पूल, काहीही खाली आलेलं असलं तर आधी काठी घासते आणि टक्कन आवाज होतो. मग काकांनी वायरलेसवर "काठी लागली" म्हणायचं, मागच्याने ट्रेलर जागच्या जागी उभा करायचा, आणि काका खाली उतरून, वर बघून उंची सांगत नाहीत तोवर चाक हलवायचं नाही.

मागे ट्रेलरवर पैलवान असे. हा पैलवान इतका काटकुळा, की तो स्टिअरिंगमागे बसला तरी लांबून सीट रिकामीच दिसायची. दिवसभर दोघांचं वायरलेसवर चाले. पुढचे खड्डे, मागचे हॉर्न, पैलवानाच्या सासूचा गुडघा, सगळं त्यात येई. काकू गेल्यापासून काकांच्या कानावर पडणारा माणसाचा आवाज काय तो तेवढाच. मुलगा लांब राहायचा आणि उरकल्यासारखा फोन करायचा. घराचं कुलूप उघडताना काका अजूनही "आलो गं" म्हणत आणि मग स्वतःशीच ओशाळत. सुट्टीचा दिवस त्यांना खायला उठायचा.

त्या महिन्यात एका नव्या कारखान्यासाठी मोठाल्या टाक्या न्यायच्या होत्या. परवान्यात मालाची उंची, रुंदी, लांबी, वजन लिहावं लागतं आणि रस्ता ठरवून दिलेला असतो, त्यात आपली मर्जी चालत नाही. शेवटचा टप्पा उघड्या माळावरचा होता. तिथे झाड नाही, खांब नाही, डोक्यावर एक तार नाही. पहिल्या टाकीच्या वेळी भर दुपारी नेमकी तिथेच काठी लागली.

काका उतरले. वर स्वच्छ, मोकळं आभाळ होतं. काठी मात्र अजून थरथरत होती.

"आभाळ खाली आलंय का काका?" पैलवान म्हणाला. "त्याचीही उंची सांगून टाका."

दोघे हसले आणि पुढे निघाले. दुसऱ्या टाकीच्या वेळी काकांनी त्या जागी गाडी अगदी गोगलगायीच्या चालीने नेली. काठी हळूहळू मागे वाकली आणि कुणी धरून सोडावी तशी सुटली. वर काहीच नव्हतं. काका बराच वेळ मान वर करून शोधत राहिले, तेवढ्यात दिवस मावळला. अंधार पडल्यावर असा माल हलवायला बंदी, त्यामुळे सकाळपर्यंत अर्धा रस्ता अडून राहिला आणि कचेरीत सगळ्यांचं तोंड कडू झालं.

परवान्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी काकांना बोलावून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, डोळे तपासलेत का म्हणून विचारलं. पुन्हा विनाकारण थांबलात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, असं म्हणताना त्यांचा आवाज मऊ झाला. "आता घरी आराम करा, काका." आराम म्हणताच काकांना घर आठवलं. चार भिंती आणि कुणाला तरी "ऐकतोयस ना?" विचारायचीही सोय नाही.

म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी, या धंद्यात ज्याला क्षमा नाही, ते केलं. काठी मालापेक्षा खाली उतरवून बांधली. मालाच्या उंचीवर जे काही होतं ते आता काठीच्या वरून जाईल, आवाज होणार नाही, थांबावं लागणार नाही.

तरीही टक्कन आवाज झाला. म्हणजे ते आणखी खाली आलं होतं.

काका वायरलेसवर काही बोलले नाहीत. जीव मुठीत धरून ते आरशात बघत राहिले. टाकी त्या जागेतून सावकाश आली, पार झाली, तिला खरचटलंसुद्धा नाही.

कारखान्यावर साखळ्या सोडायला पैलवान टाकीवर चढला. उतरला तेव्हा त्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती.

"काका, वरच्या धुळीवरून कुणीतरी हात फिरवलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"वाऱ्याने झालं असेल."

"बोटं दिसतायत, काका."

त्या संध्याकाळी काकांना भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण जेवताना त्यांच्या मनात पुन्हापुन्हा तेच येत होतं, की एवढी मोठी टाकी, आणि एक ओरखडा नाही. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात. काकूला पोचवून आल्यावर शेजाऱ्याने खांद्यावर हात ठेवला होता. त्यानंतर त्यांना कुणाचाच हात लागला नव्हता.

शेवटच्या टाकीच्या वेळी काका त्या जागेच्या थोडं अलीकडेच थांबले.

"काठी लागली," ते म्हणाले. लागली नव्हती.

"काका, उतरू नका. तसंच निघून जाऊ."

"नियम आहे बाबा."

त्यांनी वायरलेस कमरेला अडकवला, कामावरचं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि काठीच्या पुढे चालत गेले. डांबराला उन्हाचा वास येत होता. मागे ट्रेलरचं इंजिन घुरघुरत होतं. काही झालं नाही. इथेही कुणी नाही, असं वाटून त्यांना रडू आल्यासारखं झालं.

मग त्यांचे केस दबले.

डोक्यावर एक तळवा टेकला होता, रुंद आणि अजिबात घाई नसलेला. काकांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलं नाही.

तळवा सपाट होता. लहान मुलाला दाराच्या चौकटीला उभं करून उंचीची खूण करताना डोक्यावर ठेवतात तसा.

"काका, उंची किती?" कमरेवर वायरलेस खरखरला.

तळवा उचलला गेला. थोड्या वेळाने दोन्ही दंडांना बाहेरून, एकाच वेळी, काहीतरी हलकेच टेकलं.

रुंदी.

मग एक तळवा छातीवर. एक पाठीवर.

"काका, बोला ना. ऐकताय ना?"

काकांना सगळं ऐकू येत होतं. परवान्याला आता फक्त वजन हवं होतं.

त्यांच्या बुटांच्या टाचा डांबरावरून अलगद सुटल्या.